जोड्याचे माप आणि पायाची साक्ष



ह्या व्यासपीठावरून आपण राज्यांचे उदयास्त ऐकलेत, संतांची चरित्रे ऐकलीत, ग्रहताऱ्यांची अंतरेही ऐकलीत. आज मी आपल्याला अगदी खाली, आपल्या पायांकडे पाहायला सांगणार आहे. सभेला येताना मंडपाच्या दाराशी बैठकीवरच्या मंडळींनी काढून ठेवलेला पादत्राणांचा ढीग मी मुद्दाम थोडा वेळ न्याहाळला. त्यात कोल्हापुरी होत्या, रबरी सपाता होत्या, चामडी सँडल्स होती. पण सगळ्यांत जास्त होते ते घोट्याखाली संपणारे, सपाट तळाचे, नाडीचे बूट. आमच्या लहानपणी कवायतीच्या दिवशी खडू फासून पांढरे करायचे ते कॅनव्हासचे बूट आम्ही वर्ग सुटताच काढून टाकीत असू. आज त्यांचेच भाऊबंद 'रेट्रो स्नीकर' ह्या नावाने, म्हणजे जुन्या वळणाचे म्हणून, नव्या किमतीला विकले जातात आणि तरुण मुले ते दिवसभर घालून हिंडतात.

ह्यात वाईट काहीच नाही. जुन्याची हौस माणसाला असतेच. परंतु असा बूट घेताना तो आपल्याला बसतो की नाही, सुखाचा होईल की नाही, हे ठरवायचे कसे, असे विचारले तर दहांपैकी नऊजण एकच उत्तर देतील : "माझा नंबर आठ आहे." हा नंबर आला कोठून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, ह्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि एका ठिकाणी तो मौजेचा राहत नाही. तो आज सांगायचे योजले आहे.

नंबराच्या आधी काय होते, ते प्रथम पाहू. आपल्याकडे चांभार गिऱ्हाइकाला कागदावर उभे करी, पावलाभोवती रेघ ओढी आणि दोऱ्याने चवड्याचा घेर घेई. माप पायाचे असे. जोडा पुढे व्हायचा. कोल्हापुरी वहाण नवी असताना चावते. तिला तेल पाजायचे, चार दिवस थोडी थोडी वापरायची, मग ती पायाची होऊन जाते. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा हा गुणच आहे की, ते पायाच्या ऊबेने आणि घामाने नरम होते व पायाचा आकार घेते. "आधी चावेल, मग बसेल" हा आपला पिढीजात अनुभव खरा आहे. मात्र तो कोणत्या जोड्याबद्दल खरा आहे, हे आपण लक्षात ठेवू या; कारण हाच अनुभव पुढे आपल्याला फसवणार आहे.

आता युरोपात जाऊ, कारण बंद बुटाची आणि नंबराची जन्मभूमी ती. जोडा ज्या लाकडी पावलावर चढवून शिवतात त्याला आपण कलबूत म्हणतो. कारखान्यात त्याला फर्मा म्हणतात. टाचेचे जोडे रूढ झाल्यावर, इ. स. १६०० च्या सुमारापासून, युरोपातले कारागीर डाव्या-उजव्याचा भेद सोडून दोन्ही पायांना एकच कलबूत वापरू लागले. दोन वेगळी कलबुते करण्याचा खर्च वाचला, आणि त्याचा भार पायांनी सोसला. सुमारे दोनशे वर्षे सभ्य जग असे सरळ जोडे घालून चालत होते! १७८१ साली पेट्रस कँपर ह्या डच शरीरशास्त्रज्ञाने जोड्याचा उत्तम आकार कोणता ह्यावर एक निबंध लिहिला. घोड्याच्या नालाची आपण जितकी काळजी वाहतो तितकी स्वतःच्या पायाची वाहत नाही, हे त्याचे गाऱ्हाणे होते. पुढे १८५८ मध्ये झ्यूरिकच्या हेर्मान फोन मायर ह्याने दाखवून दिले की, निरोगी पायात अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेघ टाचेच्या मध्यातून जाते, आणि टोकदार जोडा नेमका अंगठ्याला त्या रेघेवरून ढकलतो. पायाची बाजू मांडणारे हे दोन पंडित. पण जमाना निघाला होता यंत्राच्या बाजूने.

१८१९ च्या सुमारास टॉमस ब्लँचर्ड ह्या अमेरिकनाने बंदुकीचे लाकडी दस्ते कोरणारे एक यंत्र केले. एका नमुन्यावरून वेड्यावाकड्या आकाराची हुबेहूब नक्कल ते कोरून देई. तेच यंत्र पुढे कलबुते कोरू लागले. डाव्या-उजव्याची जोडी आता स्वस्तात मिळू लागली, हा पायाचा फायदा. आणि एकाच नमुन्याची हजारो कलबुते निघू लागली, ही कारखान्याची सोय. उरले होते ते चामडे कलबुतावर ताणून बसवण्याचे काम. त्यात हातखंडा कारागीर दिवसाला पन्नासएक जोड उरकी. सुरिनाममध्ये १८५२ साली जन्मलेला यान मॅटसेलिगर हा तरुण मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी जोड्यांच्या कारखान्यात राबत होता. त्याची आई कृष्णवर्णीय होती, बाप डच. दिवसा कारखाना आणि रात्री स्वतःचे यंत्र, अशी काही वर्षे काढून त्याने १८८३ मध्ये ह्या कामाच्या यंत्राचे पेटंट मिळवले. यंत्र दिवसाला सातशेपर्यंत जोड चढवू शके. जोडे स्वस्त झाले, गरिबांच्या पायी आले. मॅटसेलिगर मात्र क्षयाने १८८९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीच वारला.

आता असे पाहा. जोडा आधी तयार होतो आणि पाय नंतर येतो, अशी उलटापालट झाली. मग अनोळखी पाय आणि अनोळखी जोडा ह्यांची गाठ घालायला मध्यस्थ पाहिजे. तो मध्यस्थ म्हणजे नंबर. तो कशावर उभा आहे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. आपल्या शास्त्रांत आठ यवांचे एक अंगुल होई, हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांच्या जुन्या मापातही तीन जवांचा एक इंच होत असे. आजचा इंग्रजी नंबर, जो आपल्याकडेही चालतो, तो ह्या जवाच्या दाण्यावरच मोजतात. एका नंबराने कलबूत एक जव, म्हणजे एक तृतीयांश इंच वाढते. आठ नंबराचे कलबूत अकरा इंचांचे होते. फ्रेंचांनी दोन तृतीयांश सेंटिमीटरचा ठोका धरला, म्हणून त्याच बुटावर बेचाळीस हा आकडा छापलेला दिसतो. अमेरिकन आकडा इंग्रजीहून साधारण एकाने पुढे असतो. खोक्यावर तीन आकडे पाहून आपण गोंधळतो, पण तिन्ही आकडे सांगतात एकच गोष्ट : लांबी. तीही पायाची नव्हे, कलबुताची. चवडा किती रुंद, पावलाची पाठ किती उंच, टाच किती अरुंद, ह्यांबद्दल नंबर मौन पाळतो.

येथे रबर कथेत शिरते. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक व उष्णता ह्यांनी त्याला वठणीवर आणले, १८४४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळवले, आणि १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत मेला. ह्या गंधकी रबराचा तळ कापडी जोड्याला लावून समुद्रकाठी, टेनिसच्या हिरवळीवर घालायचे बूट विलायतेत निघाले. कापड आणि तळ ह्यांच्या सांध्यावरची रबरी पट्टी जहाजावरच्या प्लिम्सोल रेघेसारखी दिसे, म्हणून १८७० नंतर त्यांना प्लिम्सोल हे नाव पडले. अमेरिकेत, पाऊल न वाजवता चालता येते म्हणून, त्यांना स्नीकर म्हणू लागले. १९१६ मध्ये 'केड्स' आले, १९१७ मध्ये कॉन्व्हर्सचा 'ऑल स्टार'. हा दुसरा बास्केटबॉलसाठी होता आणि घोटा झाकणारा होता. त्याचा घोट्याखालचा, कापलेला अवतार १९५७ साली आला.

हा बूट बनतो कसा, ते समजून घेणे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कॅनव्हास कलबुतावर ताणतात, तळ चिकटवतात, भोवती रबरी पट्टी गुंडाळतात आणि कलबुतासकट सगळा बूट भट्टीत घालून शिजवतात. भट्टीतून बाहेर येतो तो कलबुताचा आकार कायमचा घेऊन. मातीचे मडके भाजल्यावर जसे पुन्हा वळवता येत नाही, तसेच हे. कापड थोडे नरम पडेल, पण रबरी पट्टीने बांधलेली चवड्याची रुंदी आणि पुढची लांबी वाढणार नाही. कोल्हापुरीवर शिकलेले "आधी चावेल, मग बसेल" हे शहाणपण येथे उपयोगी पडत नाही. जो कॅनव्हासचा बूट दुकानात बोटे आवळतो, तो वर्षानेही आवळीतच राहील.

चामड्याच्या जुन्या बुटांचीही हीच गोष्ट थोड्या फरकाने. आडोल्फ डास्लरच्या आडिडासचा 'सांबा' मुळात गोठलेल्या, टणक मैदानावरच्या फुटबॉलसाठी निघाला. चेंडू पायाला जाणवावा म्हणून असा बूट अंगाबरोबर बसवतात. त्याच कंपनीचा पांढरा टेनिसचा बूट १९६०-७० च्या दशकात रोबेर हाये ह्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने आला आणि पुढल्या दशकात त्यावर १९७२ चा विंबल्डन विजेता स्टॅन स्मिथ ह्याचे नाव चढले. तो हिरवळीवर बाजूला धावण्यासाठी बांधलेला. नाइकेचा १९७२ चा 'कॉर्टेझ' पळण्यासाठी, म्हणून त्याच्या तळात फोम आला. तात्पर्य काय, की जुन्या वळणाचा प्रत्येक बूट एका विशिष्ट खेळाचा, तासा-दोन तासांचा सोबती होता. फरशीवर आठ तास उभे राहणाऱ्या कारकुनाचा किंवा शिक्षिकेचा विचार करून तो आखलेला नव्हता. आज आपण त्याचे रूप घेतो, आणि रूपाबरोबर पुष्कळदा त्याची जुनी रुंदी आणि जुना सपाट तळही घेतो.

नंबर अपुरा आहे, हे दुकानदारांनाही कळत होतेच. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी चार्ल्स ब्रॅनॉक नावाचा तरुण वडिलांच्या जोड्यांच्या दुकानात काम करी. त्याने मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून पाय मोजण्याच्या यंत्राचा पहिला नमुना केला आणि १९२०-३० च्या दशकात त्याचे पेटंट घेतले. त्यात तीन मापे निघत : टाचेपासून बोटापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, आणि रुंदी. ह्यातले मधले माप खरे मर्माचे. दोन माणसांचे पाय एकाच लांबीचे असतील, पण एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याचा तळवा लांब. बूट वाकतो एका जागी. पाय त्याच जागी वाकला नाही तर नंबर बरोबर असूनही बूट चुकीचा.

पण ह्या साध्या यंत्राशेजारी दुकानांत दुसरे एक यंत्र येऊन बसले, आणि माझ्या कथेतला काळा भाग येथे आहे. १९२० नंतर अमेरिकेत आणि विलायतेत जोड्यांच्या दुकानांत क्ष-किरणांची लाकडी पेटी दिसू लागली. खालच्या फटीत बूट घातलेले पाय सरकवायचे आणि वरच्या तीन भिंगांतून एकातून मुलाने, एकातून आईने, एकातून विक्रेत्याने पाहायचे. बुटातली हाडे हिरवट प्रकाशात हलताना दिसत. मुलांना ती मौज वाटे. आयांना वाटे, आता चूक होणे नाही. हजारो दुकानांत ही पेटी होती. क्ष-किरणांचा धोका ध्यानात आल्यावर पेनसिल्व्हेनिया राज्याने १९५७ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती सगळीकडून गेली. धोका तर होताच. पण मला तिच्यातली दुसरी चूक अधिक शिकवण देणारी वाटते. मूल समोर बसले आहे, बोलू शकते आहे, आणि "बाळ, कोठे लागते आहे का?" असे त्याला विचारण्याऐवजी तीन शहाणी डोकी पेटीत वाकून त्याची हाडे पाहत आहेत! सावलीत हाड दिसते, दुखणे दिसत नाही.

ह्या ठिकाणी मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पंचवीस वर्षांचा मधुमेह होता. सकाळी फिरायला बरे म्हणून मी त्यांच्यासाठी असलेच घोट्याखालचे बूट आणले. त्यांना बरोबर नेले नाही. जुन्या चपलेचा नंबर पाहिला आणि तोच मागितला. पहिल्या दिवशी फिरून आल्यावर मी विचारले, "अण्णा, कसे आहेत?" ते म्हणाले, "छान आहेत रे. काही लागत नाही." रात्री आईने पाय पुसताना पाहिले, तो करंगळीच्या बाजूला कातडी सोलवटून रक्त आले होते. काही लागत नाही, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांना लागणेच बंद झाले होते. ती जखम भरून यायला तीन महिने गेले. दुकानदाराचा दोष नव्हता, बुटाचाही नव्हता. साक्षीदार मुका झाला आहे हे न पाहता मी आकड्यावर विसंबलो, हा दोष माझा.

ह्या मुक्या साक्षीदाराचे महत्त्व जगाला नीट समजावून दिले ते आपल्याच देशात काम करणाऱ्या एका शल्यवैद्याने. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळे झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, रोग संवेदना मारतो. मग खडा, खिळा, चुकीचे पायताण पाय खात राहते आणि माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून वेल्लोरला त्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणे करवून घेतली. दाब सगळ्या तळव्यावर सारखा वाटला जावा, हे त्यांचे तत्त्व. वेदना ही देणगी आहे, असे ब्रँड आयुष्यभर सांगत राहिले. जोडा चावतो तेव्हा आपण चिडतो. पण ते चावणे म्हणजे पायाने दिलेली साक्ष असते, आणि ती ज्याला मिळते तो भाग्यवान.

ह्या साक्षीला अलीकडे शास्त्रानेही मान दिला आहे. कॅनडातील कॅल्गरी येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सैनिकांना सहा प्रकारचे सुखतळे दिले आणि आपल्याला बरा वाटेल तो निवडा, म्हणून सांगितले. सगळ्यांना पसंत पडला असा एकही निघाला नाही. पण स्वतः निवडलेला सुखतळा वापरणाऱ्यांत दुखापती, इतरांच्या मानाने, कमी झाल्या. आपल्याकडे मणिपालच्या दोन वैद्यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये दाखवले की, सपाट तळव्याचे प्रमाण पादत्राणे घालणाऱ्या मुलांत शेकडा ८.६ आणि अनवाणी मुलांत शेकडा २.८ होते, बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक होते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले; भारतीय पाऊल सामान्यतः युरोपीय कलबुताहून रुंद असल्याचे आढळले आणि त्यावरून भारतीय मापांची 'भ' ही पद्धत सुचवण्यात आली. जवाच्या दाण्याशी झालेला आपला करार किती एकतर्फी होता, हे ह्यावरून कळते.

आता आपण विचाराल, "इतिहास झाला, पण उद्या दुकानात जाऊन करायचे काय?" ह्या इतिहासातूनच उत्तर निघते. बूट घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. आणि जे मोजे वापरायचे तेच घालून जावे. घरी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढून न्यावी. चांभाराची ती युक्ती अजून जुनी झालेली नाही. बुटाचा तळ त्या रेघेवर ठेवावा; पाऊल बाहेर डोकावत असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी आपला नव्हे. सुखतळा निघत असेल तर काढून त्यावर उभे राहावे, म्हणजे तेच कळते. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो. नंबर त्या पायाचा घ्यावा. बसून नव्हे, उभे राहून पाहावे : सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बूट हातात धरून वाकवावा; तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्यावर नव्हे.

घोट्याखालच्या बुटाची एक विशेष परीक्षा आहे. उंच बूट घोट्याला धरतो. ह्याला धरायला फक्त टाचेची वाटी आणि नाडी. म्हणून नाडी बांधून दुकानातला जिना चढावा-उतरावा. टाच बाहेर निघत असेल, किंवा बुटाची कड घोट्याच्या हाडाखाली घासत असेल, तर तो परत ठेवावा. नुसत्या मऊपणाला भुलू नये. दुकानातल्या गालिच्यावर सगळेच मऊ लागते, म्हणून दहा मिनिटे टणक फरशीवर चालावे. चामडे चवड्याशी किंचित सैल होईल, कॅनव्हास-रबर होणार नाही, आणि लांबी कोणाचीच वाढणार नाही. आणि घरात मधुमेहाचे वडीलधारे असतील, तर त्यांच्या "काही लागत नाही" ह्यावर विसंबू नका. त्यांना बरोबर न्या, आत हात घालून शिवण चाचपा, आणि पहिले काही दिवस घरी आल्यावर त्यांचे पाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बंद झालेल्या साक्षीदाराच्या जागी दुसऱ्या कोणी तरी साक्ष द्यायला हवी.

जोड्याच्या आतल्या पातळ तळाला आपल्या भाषेने सुखतळा म्हटले आहे. हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला त्याच्याजवळ ना भिंगांची पेटी होती ना लोखंडी मापयंत्र; पण जोडा कशासाठी असतो, हे त्याला पुरते ठाऊक होते. आता व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या ढिगातून आपापली पादत्राणे पायांत सरकवताना क्षणभर थांबा आणि पाय काय म्हणतो ते ऐका, एवढीच माझी विनंती आहे.